दौलतचं तिसरं कडवं

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. भुताखेतांच्या गोष्टींना नाक मुरडण्यात जगदीशचा हात धरणारा गिरगावात दुसरा कुणी नव्हता, आणि हे घडलं ते त्याच्याच बाबतीत.

साल एकोणीसशे एकोणसाठ. गणपती नुकतेच पाण्यात गेले होते. जागा म्हणजे खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेली एक चाळ, दुसरा मजला.

रात्र नव्हती. अवस नव्हती.

रविवारची टळटळीत दुपार होती. खालून सभेला निघालेला घोळका 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत चालला होता.

आणि वर खोलीत, जगदीशच्या रेकॉर्डवरून... गाणारा नाहीसा झाला.

पण आधी जगदीश कसा होता ते सांगायला हवं.

फोर्टातल्या एका विलायती कंपनीत कारकून. घरात आई आणि धाकटी बहीण शैला. रॉक अँड रोल तेव्हा मुंबईत नवं होतं. चाळीतल्या वडीलधाऱ्यांना तो माकडांचा धुडगूस वाटे. जगदीशला त्या वडीलधाऱ्यांची कीव येई. तशी त्याला बहुतेकांची कीवच येई. सिनेमाची गाणी ऐकणारे म्हणजे कान गहाण टाकलेले. नाटकातली पदं ऐकणारे म्हणजे माना डोलावण्यासाठी तिकीट काढणारे. आणि सगळ्यांत हलकी जात म्हणजे दुसऱ्याचं गाणं गाणाऱ्यांची.

वाडीत ह्यूबर्टच्या लाकडी घराच्या ओट्यावर दर रविवारी संध्याकाळी यावरून वाद रंगत. ह्यूबर्ट ईस्ट इंडियन, म्हणजे मूळ मुंबईचाच मराठी बोलणारा ख्रिस्ती. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर, आणि गिटार वाजवण्यात पटाईत. त्याचा चौघांचा बँड होता. लग्नात, नाताळात अमेरिकन गाणी वाजवायचे.

"अरे, अमेरिकेतही एकाचं गाणं दुसरा गातो," जगदीशचा मित्र रामदास म्हणायचा. "कधी कधी दुसऱ्याचंच जास्त चालतं."

"चालतं ना. चहात नुसतं पाणी घातलं तरी चालतं. पिणाऱ्याला जीभ नसली की सगळं चालतं."

ह्यूबर्ट हसून सोडून द्यायचा. त्याच्या बँडचा गायक मात्र सोडून देणाऱ्यातला नव्हता.

त्याचं नाव दौलत. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचा, ह्यूबर्टच्याच वर्कशॉपमध्ये कामाला. बाप गिरणीत होता, तो वारलेला. घरी एकटी आई, मालनबाई. तीन वर्षांमागे त्यांच्या सगळ्या चाळीने धम्म घेतला तेव्हापासून दौलत चाळीतल्या कार्यक्रमांत गायचा. परळच्या सभांतही, पुढारी येईपर्यंत लोकांना धरून ठेवायला त्यालाच उभं करत.

आणि या दौलतने एक उद्योग केला. जगदीश ज्या अमेरिकन गाण्यासाठी जीव टाकायचा, नेमकं तेच गाणं उचललं. चाल तीच, ठेका तोच. शब्द मात्र मराठी.

'भोंगा झाला, ऊठ गड्या, गिरणी हाका मारी,
डोळ्यांमधली झोप तुझी टांगून ठेव दारी...'

ओट्यावर त्याने ते म्हटलं तेव्हा रामदास मांडीवर ताल धरून बसला होता. शेजारच्या बायका खिडक्यांत आल्या होत्या.

"कसं वाटलं, जगदीशराव?" दौलतने विचारलं.

"गाणं उत्तम आहे," जगदीश म्हणाला. "पण ते तुमचं नाही."

"शब्द माझे आहेत की."

"दुसऱ्याच्या कोटाला आपली बटणं लावली म्हणून कोट आपला होत नाही. लोकांना शिट्टीवर नाचवायला बरं आहे. परळला करमणूक होत असेल. इथे नको."

'परळ' हा शब्द त्याने असा काही उच्चारला की ह्यूबर्टने गिटार खाली ठेवली.

  दौलतने ते गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. आधीपेक्षा मोठ्याने. शेवटपर्यंत जगदीशच्या डोळ्यांत बघत.

जगदीश जांभई देऊन उठला.

त्यानंतर पावसाळ्यात दौलतला कावीळ झाली. आज बरा होईल, उद्या बरा होईल म्हणता म्हणता गेला. वय पंचविशीच्या आतलं.

जगदीश अंत्ययात्रेला गेला नाही. ओट्यावर विषय निघाला तेव्हा म्हणाला, "माणूस गेला, वाईट झालं. पण गाण्याचं काही बिघडलं नाही. ज्याचं होतं त्याच्याकडेच राहिलं."

ह्यूबर्ट आत गेला आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरची ती रविवारची दुपार.

जेवण झालं होतं. आई आत लवंडली होती. जगदीशने ग्रामोफोन काढला, तीच रेकॉर्ड लावली, तेच गाणं. गिटार सुरू झाली. ड्रम आले. गाणाऱ्याची जागा आली...

कुणी गायलंच नाही.

वाद्यं पुढे चालू राहिली. मधली जागा मोकळी.

त्याने पिन बदलली. रेकॉर्ड पुसली. पुन्हा लावली. गिटार, ड्रम... आणि या वेळी एक आवाज आला.

श्वास घेतल्याचा. गाणारा तोंड उघडण्याआधी घेतो तसा.

पुढे काही नाही.

"शैला," त्याने हाक मारली. "ही रेकॉर्ड बिघडली बघ. गाणं येत नाही."

शैला दारात येऊन ऐकत उभी राहिली. "येतंय की. चांगला मोकळ्या गळ्याने गातोय. थट्टा करतोस का, दादा?"

जगदीश रेकॉर्ड घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने लावली, बोटांनी काउंटरवर ताल धरला, म्हणाला, झकास आहे. रामदासकडे लावली. रामदास सोबत गुणगुणायला लागला. जगदीशला ऐकू आली ती फक्त वाद्यं. आणि मधे मधे तो श्वास.

हळूहळू बाकीच्या रेकॉर्डींचंही तेच झालं. एकेक गाणारा उठून गेला. बायकांचे आवाज गेले, पुरुषांचे गेले. माणसं बोलत ते ऐकू येई. फेरीवाल्याची आरोळी ऐकू येई. गाणं मात्र नाही. डॉक्टरने कानात बॅटरी मारून पाहिलं आणि कान शाबूत आहेत म्हणून सांगितलं.

त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. वाद चालूच ठेवला. अमका बेसूर, तमका भिकार, तमक्याची नक्कल. कुणाला संशय आला नाही. नावं ठेवायला ऐकावं लागत नाही, हे जगदीशला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि मग आणखी एका दुपारी...

त्याने हट्टाने तीच रेकॉर्ड लावली. गिटार. ड्रम. श्वास. मोकळी जागा.

आणि गॅलरीतून आवाज आला.

'भोंगा झाला, ऊठ गड्या...'

तो ताडकन उठला. गॅलरीत वाळत घातलेली धुणी होती. माणूस नव्हता.

आवाज जिन्यात गेला. तो जिन्याकडे धावला. जिना रिकामा. आवाज मागे, खोलीत आला. मग आणखी जवळ. इतका जवळ, की कुठून येतोय ते पाहायला वळायची सोयच उरली नाही.

रेकॉर्ड संपली. पिन खरखरत राहिली.

मोरीच्या दारात शैला उभी होती. हात ओले. चेहरा उजळलेला.

"थांबलास का, दादा?"

"काय?"

"गा ना. एवढा चांगला गातोस आणि इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही."

जगदीशने गळ्याला हात लावला. गळा गरम होता. आतून थरथरत होता.

आयुष्यात त्याने आरतीसुद्धा कधी मोठ्याने म्हटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात ह्यूबर्टचा निरोप आला. दौलतच्या आठवणीसाठी वाडीतल्या मोकळ्या जागेत बँड वाजवणार होता. दौलतचं गाणं, पण गायकाशिवाय. त्याची जागा मोकळी ठेवायची.

जगदीश जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो गेला, त्याचं कारण वेगळं होतं. ज्या गाण्यात गाणारा नाहीच, ते तरी आपल्याला इतरांसारखं पुरतं ऐकू येईल, एवढाच त्याचा हिशेब.

ऊन कलायला लागलं होतं. पुढच्या खुर्चीवर मालनबाई बसल्या होत्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीवर जुळवलेले. ह्यूबर्ट त्यांना डिलाईल रोडहून घेऊन आला होता. जगदीश मागे, शैला आणि रामदासच्या मधे.

बँड सुरू झाला. कितीतरी दिवसांनी जगदीशला बरं वाटलं. काही उणं नव्हतं. सगळ्यांना ऐकू येत होतं तेवढंच त्यालाही येत होतं.

मग गाणाऱ्याची जागा आली...

कुणीतरी श्वास घेतला.

तो त्याच्याच छातीत भरला.

पुढचं जगदीशला ठाऊक नाही. भानावर आला तेव्हा तो उभा होता. सगळी वाडी त्याच्याकडे वळून बघत होती. ह्यूबर्टचे हात तारांवर तसेच थांबलेले. शैला रडत होती.

फक्त मालनबाईंनी मागे वळून पाहिलं नव्हतं.

काय झालं ते रामदासने सांगितलं. तेही त्याच्याकडे न बघता.

"तू गायलास. दौलतच्या आवाजात. नक्कल नव्हे रे... तोच आवाज. दोन कडवी झाली, बँड थांबला. तू नाही थांबलास. पुढचं कडवं एकट्यानेच म्हटलंस."

"कुठलं पुढचं?"

रामदासने ते हळू आवाजात सांगितलं.

'पाणी तापव चुलीवरती, लावू नको कडी,
जिना चढून येतो आये, थांब एक घडी...'

मालनबाई आता उठून आल्या होत्या. जगदीशसमोर उभ्या राहिल्या.

"दोनच कडवी व्हती त्याची," त्या म्हणाल्या. "मला समदी पाठ हायेत. ह्ये त्यानं कवा केलं?"



"असलं काही मी रचत नाही," जगदीश इतकंच म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते फार केविलवाणं वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मालनबाई होत्या. डिलाईल रोडवरून एकट्या आल्या होत्या. उंबऱ्याशी थांबून धाप टाकली, आत येऊन भिंतीला टेकून बसल्या.

"लाव की बाबा त्ये."

"मालनबाई, असं काही नसतं," जगदीश म्हणाला. आवाजात जुनी धार आणायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. "माणसाला भास होतात. तुमच्या मुलाने असल्या खुळचट गोष्टींवर विश्वास ठेवला असता का?"

"न्हाय ठेवला. मी बी ठेवत न्हाय," मालनबाई म्हणाल्या. "तू लाव."

त्याने लावली. श्वास ऐकला.

भानावर आला तेव्हा समोरच्या चहावर साय धरली होती आणि मालनबाई पदराने डोळे पुसत होत्या. जाताना त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

त्या दर रविवारी यायला लागल्या. शैला सांगायची, प्रत्येक वेळी एक कडवं नवं असतं. कधी वर्कशॉपचं, कधी चाळीतल्या नळाचं, कधी लहानपणच्या तापाचं, जे त्या मायलेकांशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. आणि प्रत्येक वेळी जगदीशला भानावर यायला आधीपेक्षा उशीर लागायचा.

शैला घाबरली. एका शनिवारी तिने ती रेकॉर्ड नेऊन फोडली, आणि तुकडे चौपाटीवर समुद्रात टाकून आली.

रविवारी मालनबाई आल्या. शैलाने त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. "आता पुरे करा," म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

मालनबाईंनी मान हलवली. वाद घातला नाही. "बरं," म्हणाल्या. "उन्हाचं आले, घोटभर पाणी दे. मग जाते."

शैला उठायच्या आत जगदीश उठला. माठातून पेला भरून आणला. ग्रामोफोन बंद होता. खोलीत वाद्यं नव्हती, गाणं नव्हतं. तो अगदी नेहमीसारखा चालत आला. वाकला आणि पेला पुढे केला.

"घे, आये."

जगदीशच्या घरात 'आई' म्हणत. 'आये' कुणी म्हटलं नव्हतं.

आतून त्याची आई बाहेर आली. "कुणाला हाक मारलीस रे?"

"कुणाला म्हणजे?" जगदीश त्रासून म्हणाला. "मालनबाईंना पाणी देतोय, दिसत नाही का?"

मालनबाई पाणी प्यायल्या. पेला पालथा घातला. उठल्या आणि जिना उतरून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

जगदीशला विचाराल तर तो आजही सांगेल की त्या दिवशी आपण 'मालनबाई' असंच म्हणालो. ठासून सांगेल. शैलाला वेडी ठरवेल, आईला बहिरी.

आणि मग बोलता बोलता मधेच थांबेल...

मान किंचित तिरकी करून, आत्ता आपण बोललो तो आवाज कुणाचा होता, ते ऐकल्यासारखा.