भांडेवालीची कळलावी

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझा नवरा किशन तिथल्या कचेरीत लागला. गाव लोहा, म्हणून त्यानं आडनाव घेतलं लोहेकर. त्यावरून जात कळत नाही, म्हणूनच व्यंकटरावांनी आम्हाला खोली दिली.

गावाकडं पाणी आटलं तशा सासूबाई, भामाबाई, आमच्याकडं आल्या. अंगणातल्या माझ्या दोडक्याला फळ धरत नव्हतं. माश्याच फिरकत नव्हत्या. सासूबाईंनी पदरातून कळलावीचा कंद काढला, नांगरासारखा वाकडा, आणि कुंपणाशी पुरला. म्हणाल्या, ही फुलली की फुलपाखरं, माश्या समदं येतंय. दरसाल आपली आपण उगवती.

व्यंकटराव म्हणाले, कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात. सासूबाई हसल्या. हात जोडले, 'जय' एवढंच म्हणाल्या, तोच किशन पुढं झाला.

"गावाकडची बाई आहे, मालक. भांड्याला ठेवलीय."

माझ्या हातात ओली परात होती. मी ती घासत राहिले. सांगायला लाज वाटते. वाटू दे.

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "भांडेवालीच हाय मी."

त्यानंतर सासूबाई माणसांशी बोलल्या नाहीत. सकाळी कळलावीपुढं वाकून हळूच जयभीम करायच्या. वेल वाळला तशा लोह्याला परतल्या. उन्हाळ्यात गेल्या. किशननं कचेरीत सांगितलं, लांबचं नातलग वारलं.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. दोडका करपला. कळलावीला कुणी थेंब घातला नव्हता. तरी ती कुंपणभर चढली, जाळासारखी फुलली. गल्लीतली सगळी फुलपाखरं तिच्यावर.

व्यंकटराव बघायला वाकले. सरळ झाले. किशनकडं वळून दोन्ही हात जोडले.

"जयभीम."

आवाज त्यांचाच. पण 'भी' लांबवलेला, लोह्याकडं लांबवतात तसा. तेच दचकले. ओठ पुसले, तर बोटाला पिवळे पराग. फुलाला त्यांनी हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको जगदेवी. मग दूधवाला. जो वाकला, तो किशनला जयभीम घालून गेला.

खोली जाईल म्हणून किशन भ्यालेला. कुणी काहीच विचारलं नाही.

आता रोज किशनच वाकतो. तोंड फुलात खुपसतो. फुलपाखरं उठून जातात.

ओठ हलतात. शब्द येत नाही.

मी जवळ जाऊन बघते. परागाचा कणही लागलेला नसतो.