चावून दिलेला घास

सेहेचाळीस सालच्या पौषात आमच्या आष्ट्याच्या भगिनी मंडळानं बाहेर जेवायला जायचं ठरवलं, आणि पत्रावळ्यांचं काम माझ्याकडे आलं. मंडळ म्हणजे आम्ही नऊ बायका. शनिवारी दगडाबाईंच्या सोप्यात जमायचो, सूत कातायचो, अक्षरं गिरवायचो. दगडाबाई सगळ्यांत वडील. धिप्पाड, विधवा, आवाज भरदार. माझे मालक पलटणीत होते, आणि मला पहिल्यांदाच दिवस गेलेले. पाचवा महिना.

"चार घास मोकळ्या वाऱ्यात खा, मनू," त्या म्हणाल्या. "पोराच्या अंगी लागतील."

दोन बैलगाड्या करून आम्ही तीन कोसांवरच्या जुन्या धर्मशाळेत गेलो. काळ्या दगडाची, लांब ओसरीची. पूर्वी साताऱ्याकडं जाणारे वाटसरू तिथं उतरायचे. पुढं मोटारीचा रस्ता दुसरीकडून गेला आणि ती ओस पडली. आत शिरताच एक वास आला. आंबलेल्या पिठासारखा, उबट. बायका म्हणाल्या, वटवाघळं असतील. ओसरीत चुली मांडल्या, भाकरी, भरली वांगी आणि हुग्गी, म्हणजे गुळातली गव्हाची खीर, केली. जेवणं हसतखेळत झाली.

उष्ट्या पत्रावळ्या टाकायला मी दुसऱ्या खेपेला मागच्या भिंतीकडं गेले. तिथं एक म्हातारी उकिडवी बसली होती. मी पहिल्यांदा टाकलेली पत्रावळ तिनं गुडघ्यांवर धरली होती आणि ती चाटत होती. आम्ही चोखून टाकलेली वांग्याची देठं तोंडात धरून परत बाहेर काढत होती. चप्... चप्...

मला शरम वाटली. धावत जाऊन द्रोणभर हुग्गी आणली. "आजी, उष्टं कशाला? हे घ्या."

तिनं द्रोणाकडं पाहिलंसुद्धा नाही. "चावून दे."

"मऊ हाय, आजी. चावाय लागत न्हाई."

"चावून दे, लेकी... मला जमंना."

का केलं, ते आजही सांगता येत नाही. मी घास तोंडात घेतला, चावला, तळहातावर काढून पुढं धरला. तिनं खाली वाकून तो ओठांनीच उचलला. गोगलगाय तळहातावरून सरकावी तसे ते ओठ, गार आणि बुळबुळीत. मग तिनं मला दाखवायलाच असावं, तसं तोंड उघडलं. आत दात नव्हते, जीभ दिसत नव्हती. पार गळ्यापर्यंत चावलेलं अन्न थापलेलं होतं. करडं, बुरशी धरलेलं, थरावर थर. सगळ्यात वर माझा घास. तिला गिळता येत नव्हतं.

मी भिंत धरून ओकले. वर पाहिलं तर कुणी नव्हतं. पत्रावळ्या मात्र धुतल्यासारख्या लख्ख.

घरी येऊन संध्याकाळी भाकरीचा तुकडा तोंडात घातला, तर तो चावलेला होता. ऐकून हसू येईल. हातात कडक भाकरी, आणि जिभेवर ठेवली की कोमट, लिबलिबीत, दुसऱ्याच्या थुंकीनं भिजलेली. भात तसाच. गूळ तसाच. पाणीसुद्धा लाळेसारखं चिकट लागायचं. वीस दिवसांत माझी हाडं दिसायला लागली. मंडळातल्याच रंगूबाई सुईण होत्या. पोटावर हात ठेवून त्यांनी दोन्ही बाजू चाचपल्या.

"पोर हालंना झालंय, मनू."

तेव्हा मी दगडाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी सासूकडून त्या जागेबद्दल ऐकलं होतं. मोठ्या दुष्काळात त्या धर्मशाळेत अन्न वाटायचे. महिनोन् महिने उपाशी माणसं तिथवर रांगत यायची, पण हातात भाकरी आली तरी गळ्याखाली उतरायची नाही. तिथंच मरायची.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी जुंपली. बरोबर मी, रंगूबाई आणि हुग्गीचं पातेलं. भर दुपार होती. आम्हाला ओसरीत बसवून दगडाबाई एकट्याच मागं गेल्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, कधी नव्हे इतका हळू.

"ती पोटुशी हाय. तिला सोड... म्या देते चावून. म्या हाय तवर देते."

मग तोच आवाज. चप्... चप्... किती वेळ ते कळलं नाही. रंगूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. दगडाबाई परत आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या. पातेलं रिकामं होतं.

दिवस मावळायच्या आत मी भाकरी आणि खर्डा खाल्ला. भाकरी कडक लागली, मिरची झोंबली. मी रडत रडत चार भाकऱ्या खाल्ल्या. वैशाखात मुलगी झाली, धडधाकट.

पण दगडाबाई त्यानंतर कुणासमोर जेवल्या नाहीत. ताट घेऊन आतल्या खोलीत जायच्या, कडी लावायच्या. बाहेर सूत कातता कातता आम्हाला चावल्याचा आवाज यायचा, तासतासभर. त्या वाळत चालल्या. एकदा मी विचारलं, "आक्का, घास कसा लागतो?"

"तू इचारू नगंस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

एकोणपन्नास साली त्या गेल्या. शेवटचे पाच दिवस पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मी आणि रंगूबाईंनी त्यांना अंघोळ घातली. गंगाजल घालायला तोंड उघडलं, तर जिभेवर घास होता. हुग्गीचा, चावलेला, गरम.

रंगूबाईंनी बोटानं तो काढला. मागून दुसरा वर आला. तोही गरमच होता.