पांढऱ्या वाडग्यावरचे ठिपके

माझी गाडी मोशीत पंक्चर झाली आणि मी उभी राहिले ती एका गोठ्याच्या दारात. म्हणजे एके काळचा गोठा. आत आता म्हशींच्या जागी कुंभाराची चाकं होती, आणि त्यातल्या एका चाकावर लोण्यासारखा पांढरा गोळा फिरत होता. त्यावर एक माणूस असा वाकला होता, की जगात दुसरं काही नाहीच!

मी बघत राहिले. पण माझी नजर गप्प बसत नाही. चाकणच्या कंपनीत दिवसभर शाफ्ट तपासते मी.

"हलतंय ते," मी म्हणाले. "अर्धा मिलिमीटर तरी."

त्याने मानही वर केली नाही. "पाव."

"अर्धा."

चाक थांबलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. "बरं, अर्धा. करून बघता का तुम्ही?"

कुणी असं विचारलं की मला नाही म्हणता येत नाही.

त्याचं नाव गणराज. मूळ मोशीचाच. बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. फक्त गडबडला की गावची भाषा बाहेर पडायची. मग मी मुद्दाम त्याला गडबडवायची. शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या कपड्यांवरच, बाह्या दुमडून, त्याच्या गोठ्यात हजर.

"लाल माती रागावते, पण ऐकते," पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं. "ही पांढरी चिनी माती, हे पोर्सेलिन, रुसतं. पाणी जास्त झालं तर बसतं, हात जड पडला तर बसतं."

"आणि हात हलका पडला तर?"

"तर तुमच्याकडे लक्षच देत नाही."

"नखरेल आहे म्हणजे."

"व्हय," तो म्हणून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

पोर्सेलिन माझ्यावर रुसलेलंच राहिलं. गोळा मध्यावर यायचा, मी अंगठा आत घालायची, भिंत वर चढायची — आणि सगळं अलगद खाली बसायचं. माझं एकही भांडं भट्टीपर्यंत पोचलं नाही. मग गणराज शेजारी बसायचा, माझ्या मनगटांवर हात ठेवायचा. "कोपर मांडीला टेकवा. आता श्वास सोडा." गोळा शांत व्हायचा. मी मात्र व्हायची नाही. खरं सांगते, त्या आडमुठ्या मातीपेक्षा मला त्या हातांचंच कुतूहल जास्त होतं. इतके मोठे हात इतके हळू कसे असू शकतात?

अशात त्याच्या वाडग्यांवर ठिपके आले. पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी तो पांढरेशुभ्र, उजेड आरपार दिसेल इतके पातळ वाडगे करत होता. भट्टीत जाताना ते स्वच्छ असायचे. बाहेर यायचे तेव्हा अंगावर बारीक तपकिरी ठिपके, गोवर उठल्यासारखे. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदाही तेच.

"पत्र्याचा गंज पडतोय," गणराज म्हणाला, आणि त्याने छताखाली प्लॅस्टिक बांधलं. आता शेवटची एकच भट्टी हाताशी होती. तीही बिघडली तर प्रदर्शन हुकणार होतं. "मग पोर्सेलिन बंद," तो म्हणाला. "कुंड्या करीन."

पण गंजाचं काही मला पटेना. गंज पडला असता तर सगळ्यांच्याच भांड्यांवर पडला असता. माझ्या शेजारच्या चाकावर बसणाऱ्या निवृत्त शिक्षिका सुमनताई, त्यांचे पोर्सेलिनचे कप अगदी कोरे निघाले होते! आमच्याकडे एकाच मशीनचा माल रिजेक्ट होतो तेव्हा छताकडे कुणी बघत नाही. असे तपकिरी ठिपके लोखंडाचेच, पण ते लोखंड येतं कुठून?

पुढच्या शनिवारी मी कंपनीतून लोहचुंबक मागून आणलं आणि कागदात गुंडाळलं.

"तपासणी?" सुमनताईंनी हसत हात वर केले. त्यांच्या ॲप्रनवरून चुंबक फिरवलं. काही नाही. मातीची पिशवी, फडकी, टेबल... काही नाही. मग सहज, अगदी सहजच, ते माझ्या दुमडलेल्या बाहीवरून नेलं.

कागदावर काळी बारीक लव उभी राहिली.

ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी. मी दिवसभर ज्यात वावरते ती. हात कोपरापर्यंत धुवायचे हा इथला पहिला नियम मी पाळत होते, पण बाहीची घडी कोण धुतं? म्हणजे त्याचे वाडगे मी नासवत होते. आता मी यायचं बंद करायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. मला रडूच यायला लागलं.

पण एक गोष्ट जुळेना. त्याच्या मातीला मी कधी बोटही लावलं नव्हतं!

सुमनताई गेल्यावर मी गणराजसमोर उभी राहिले. "हलू नका." त्याच्या ॲप्रनवरून चुंबक फिरवलं. छातीवर काही नाही, खिशावर काही नाही. दोन्ही बाजूंना कमरेपाशी मात्र काळी लव. तो हात पुसतो तिथे.

"माती बदलताना हात धुवायचे," मी म्हणाले. "सगळ्यांना दटावता तुम्ही. माझ्या चाकावरून उठून स्वतःच्या चाकावर बसताना... तुम्ही फक्त पुसलेत?"

तो ॲप्रनची गाठ सोडायला लागला.

"ठिपके माझ्यामुळे आहेत, हे कळलंय तुम्हाला?"

"माहीत हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या भट्टीपासून."

"मग ते प्लॅस्टिक?"

"सुमनताईंना काहीतरी सांगायला पाहिजे ना."

मी भडकलेच. "प्रदर्शन हुकेल तुमचं! एकदा नळाखाली हात धरले असते तर संपलं असतं सगळं!"

"दर शनिवारी ठरवतो मी," तो खाली बघत म्हणाला. "आज धुवायचेच. मग तुमचे हात सुटतात, मी नळापर्यंत जातो, आणि..."

"आणि?"

"धुवावेसे वाटत नाहीत."

बाहेर पीएमपीची बस गेली, पत्रा थरथरला. मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम.

"मी येणं बंद करणार होते," मी म्हणाले.

त्याने झटकन वर पाहिलं. "का? अहो, भांडी काय, पुन्हा होतील."

"आता मी घरी जाऊन, कपडे बदलून येईन. आणि तुम्ही हात धुणार. या भट्टीत एकही ठिपका नको, मी स्वतः तपासणार."

"धुतो," तो म्हणाला, शाळेतल्या मुलासारखा.

"आणि गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते."

"माहीत आहे. गुरुवारी मी काहीच काम ठेवत नाही. बरेच दिवस झाले."

"का?"

"तुम्हाला कधी मोकळा वेळ मिळाला... तर मी असावा इथे, म्हणून."

इतके गुरुवार मी घरी झोपून काढले होते! मी त्याचा मातीने भरलेला हात हातात घेतला, यावेळी चाकाशिवाय.

"या गुरुवारी सकाळी मला घ्यायला ये," मी म्हणाले.

"कुठे जायचं?"

"ते अजून ठरवलं नाही."

"चालेल," गणराज म्हणाला. "किती वाजता?"