एकसष्टाव्या पानावरची चंद्रकोर

"मला येड लागलंय का, तेवढं सांगा," म्हातारी म्हणाली आणि पिशवीतलं पुस्तक तिनं राजनंदिनीच्या टेबलावर आपटलं.

मोतीरामच्या कपाळाला आठी पडली. पोलिसातून निवृत्त होऊन तो औरंगपुऱ्यातल्या राजनंदिनीच्या तपास कचेरीत लागला होता, ते काय असले प्रश्न ऐकायला? पण राजनंदिनीनं नुसतं "बसा, आजी" म्हटलं आणि त्यालाच पाणी आणायला पिटाळलं.

भागूबाई छावणीतल्या. घर स्वतःच्या नावावर, नवरा वारलेला, मुलगा-सून जवळ. आयुष्यभर रहस्यकथांचा फडशा पाडलेला.

"पुस्तकांची नावं ध्यानात ऱ्हात नायत," त्या म्हणाल्या. "गोष्ट ऱ्हाती. म्हणून वाचून झालं की एकसष्टाव्या पानावर, आकड्याखाली, पेन्सिलीनं बारकी चंद्रकोर काढते. पुस्तक घेताना ते पान बघायचं. चंद्रकोर दिसली की ठेवून द्यायचं."

"मग अडलं कुठं?"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाचनालयाच्या पायऱ्या जमत नायत. आता पोरगा आणतो. सहा आणली, सहाच्या सहा वाचलेली. धा पानांत वळखू येतं. पण चंद्रकोर एकावर बी नाय. गोष्ट म्हणती वाचलंय, पान म्हणतं नाय. कोण खरं?"

"मुलाला खुणेचं सांगितलं नाही?"

"दमून येतो. त्याला कुठं पानं उलटायला लावू?"

"मग ओळखू आलेलं पुस्तक परत का नाही धाडलं?" मोतीरामनं दरडावून विचारलं.

भागूबाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "घरात म्हणतेत, म्हातारी तेच तेच वाचती, भ्रमिष्ट झाली. सोमवारी डॉक्टरकडं नेणारेत. त्यानं तसं लिहून दिलं की सह्या पोराच्या, आन् घर बिल्डरचं."

राजनंदिनीनं पुस्तक खिडकीशी नेलं आणि एकसष्टावं पान उजेडात तिरकं धरलं. आकड्याखाली कागद खरवडल्यासारखा झाला होता, आणि त्यात पेन्सिलीच्या टोकाचा बारीक खोलगट बाक उमटलेला होता.

"चंद्रकोर होती, आजी. कोणीतरी खोडरबरानं पुसली."

भागूबाईंनी डोळे मिटले. "म्हंजे मी शहाणी हाय."

"पूर्ण. आता वेडं ठरवणारा शोधू."

वाचनालय दोन गल्ल्या पलीकडं होतं. ग्रंथपाल मेघाबाईंनी दोघांकडं वसुलीला आल्यासारखं बघितलं.

"पुस्तकावर खुणा करणाऱ्यांचे हात कलम केले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "माझ्या नजरेस पडली की मी पुसतेच. माझ्याकडं खोडरबर कायम असतं."

मोतीरामनं राजनंदिनीला डोळ्यानं खुणावलं. तिनं दुर्लक्ष केलं.

"भागूबाईंच्या मुलाला पुस्तकं तुम्ही काढून देता?"

"मी कोणाची नोकर नाही. कपाटं उघडी आहेत, ज्यानं त्यानं निवडावं. मी पहिल्या पानावर शिक्का मारते, तोही माणसासमोर. संपलं."

रहस्यकथांच्या कपाटातली सगळी पुस्तकं एकाच तपकिरी बांधणीत होती. मोतीरामनं कुरकुरत एकेकाचं एकसष्टावं पान उघडलं. चारात एखाद्या पुस्तकावर चंद्रकोर सापडायची, बाकीची कोरी.

संध्याकाळी छावणीत सून सोनियानं दार अर्धवटच उघडलं.

"आमच्या घरातली भांडणं तुम्हाला कशाला? दिवाळीपासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाही. पुस्तकांची पिशवी अभय येतो तो थेट त्यांच्या उशाशी ठेवतो."

हीच ती, मोतीरामनं मनात शिक्कामोर्तब केलं. एवढा विखार उगीच नसतो.

मुलगा अभय चिकलठाण्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता. "लोक हसतील आम्हाला. आईनं डिटेक्टिव लावला, यातच सगळं आलं."

"पुस्तकं कशी निवडता?"

"निवडायला मला वेळ आहे? सगळी बांधणी सारखी. हात जाईल ते उचलतो."

"एकसष्टाव्या पानावरची खूण?"

"कसली खूण?"

भागूबाई काठी टेकत बाहेर आल्या. राजनंदिनीनं त्यांना खुर्ची दिली.

"मोतीरामकाका, तुमचा संशय सांगा."

"सून. न्हाय तर ती मेघाबाई, तिच्याकडं खोडरबर हाय."

"खोडरबर कोणाकडंही असतं. पण नुसती खूण पुसून वाचलेलं पुस्तक घरी येत नाही. ते आणावं लागतं. कपाटात चारातलं एखादंच आजींनी वाचलेलं. हात जाईल ते उचललं असतं तर सहातली बरीचशी न वाचलेली निघाली असती. सहाच्या सहा वाचलेली आली, म्हणजे आणणाऱ्यानं एकसष्टावं पान उघडून बघितलं. आजी ज्या खुणेनं पुस्तक टाळायच्या, त्याच खुणेनं त्यानं निवडलं."

"मेघाबाईनं काढून ठेवली असली तर?" मोतीरामनं विचारलं.

"त्या पुस्तक काढून देत नाहीत. आणि त्यांनी आधीच खूण पुसली असती, तर निवडणाऱ्याला ती दिसलीच नसती. म्हणजे खूण निवडीनंतर पुसली. तिथून पिशवी थेट आजींच्या उशाशी येते. सोनियाताईंच्या हातात ती पडतच नाही. अभयराव, खुणेचं तुम्हाला सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून बघत आला असाल."

"ह्याला मीच बोटाला धरून नेत व्हते वाचनालयात," भागूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, सून असंल. तिचं असतं तर सोसलं असतं."

सोनिया नवऱ्याकडं बघतच राहिली. अभयनं मान वर केली नाही. "घर पडायला आलंय, आई. तू ऐकतच नव्हतीस. मी काय करायचं?"

"ह्यांनी इचारलं व्हतं, वळखलेलं पुस्तक परत का नाय धाडलं." भागूबाईंनी पहिल्यांदाच मोतीरामकडं पाहिलं. "हा दिवसभर मशिनीपुढं उभा ऱ्हातो. वाट वाकडी करून माझ्यासाठी औरंगपुऱ्यात जायचा. बदलून आण म्हणायचं जिवावर यायचं. म्हणून सहाच्या सहा पुन्हा वाचली. वर, झ्याक हाय म्हणून सांगितलं."

मोतीरामला आपल्या दरडावण्याची लाज वाटली. अट्टल चोर त्यानं पुष्कळ पाहिले होते, पण या पोराच्या तोंडाकडं त्याला बघवेना.

"ह्या महिन्यात दुसरीकडं जागा बघा," भागूबाई म्हणाल्या.

"आई, आम्ही जायचं कुठं?"

"मला नको इचारू. मी भ्रमिष्ट हाय."

त्या उठल्या. सोनियानं आधार द्यायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि काठी टेकत आतल्या खोलीत गेल्या.