कॉम्प्युटरमधली नावं

उन्हाळ्याच्या सुट्टीत तलावात पोहायला शिकायचं, असं वच्छला, इस्तारी आणि कमलानं ठरवलं होतं. पण एप्रिल सरत आला तरी वच्छलाला पाण्यात पाय बुडवायलाही फुरसत मिळाली नव्हती. तिची आई गोकुळाबाई सावली गावच्या बाजारात मासे विकायची, आणि गेले कित्येक आठवडे टोपली जशी नेली तशीच परत येत होती. बायका भाव न विचारता पुढे जायच्या. मग तीच टोपली डोक्यावर घेऊन वच्छला आसपासच्या गावांत फिरायची. संध्याकाळी मान इतकी ठणकायची, की जेवणाच्या ताटावरच डोळे मिटायचे.

गोकुळाबाईच्या पाठीवर बधिर चट्टा होता. एका संस्थेच्या दवाखान्यातून ती कुष्ठरोगाच्या गोळ्या घेत होती. गोळ्या सुरू झाल्यावर हा रोग दुसऱ्याला होत नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. पण बाजाराला ते कोण समजावणार? आईनं तर नातेवाइकांजवळही कधी तोंड उघडलं नव्हतं. मग ही गोष्ट फुटली कुठून?

इस्तारी हा वच्छलाचा मावसभाऊ. त्याला हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. आईबरोबर जाऊन जाऊन दवाखान्याच्या बाकावरच्या बायका वच्छलाच्या ओळखीच्या झाल्या होत्या. दोघं सायकलवर डबलसीट बसून त्यांच्या गावी गेली. वेगवेगळ्या गावच्या दोघी, एकमेकींना नीट ओळखतही नव्हत्या. तरी दोघींचं नाव असंच चव्हाट्यावर आलं होतं. बाकावरच्याच तिसऱ्या बाईच्या, बायनाबाईच्या वाटेला मात्र कुणी गेलं नव्हतं. तिच्या गोळ्या होळीला सुरू झालेल्या, बाकीच्यांच्या संक्रांतीच्या आधीपासूनच्या.

"मंग संक्रांतीले काय झालं असन?" इस्तारीनं विचारलं.

उत्तर त्यांच्या मैत्रिणीजवळ, कमलाजवळ होतं. तिचे वडील सोमाजी दवाखान्यात कारकून होते. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली.

"कॉम्प्युटर बिघडला होता," ती हळूच म्हणाली. "बाबा चंद्रपूरले घेऊन गेले, मीबी होती. दुकानवाल्यानं सुरू करून पाहला, तं पडद्यावर नावं अन् रोग, सारंच आलं. दुकानात चहा पिणारे लोक वाचून राह्यले होते. त्यात एक आपल्या सावलीचाच होता."

रागवायचंही त्राण वच्छलात उरलं नव्हतं.

"अन् तो पुन्हा बिघडला. बाबा आज पुन्हा नेऊन राह्यले," कमला म्हणाली.

मग मात्र तिघं निघाली. इस्तारी पायडल मारत होता, कमला दांडीवर, वच्छला मागे. डांबर उन्हानं पाघळलं होतं, चाकं चिकटत होती. दवाखान्यासमोर जीप उभी होती. मागे कॉम्प्युटरचं खोकं ठेवलेलं, आणि ड्रायव्हर दसरू झाडाखाली भाकर खात होता.

त्या कॉम्प्युटरची सारी माहिती फ्लॉपीत राहायची. काळं, पातळ, चौकोनी पाकीट, आत चकती. एक फ्लॉपी यंत्राच्या फटीत तशीच राहिली होती, आणि बाकीच्यांचा डबाही खोक्यातच ठेवलेला. कमलानं वडिलांना पाहिलं होतं तशी खिट्टी फिरवली आणि फ्लॉपी अलगद बाहेर ओढून डब्यात घातली. यंत्र नवं आलं तेव्हा वाटेत धक्का लागू नये म्हणून त्या फटीत पुठ्ठा घातलेला होता, हेही तिला आठवलं. तो खोक्याच्या तळाशीच सापडला. इस्तारीनं तो आत सरकवला.

"आता पळू," तो कुजबुजला. पण वच्छला डबा छातीशी धरून जीपमध्येच बसून राहिली. पळायला पायांत जोर नव्हता, आणि चोरासारखं पळायचं कशाला, हेही होतंच.

सोमाजी बाहेर आले ते ओरडतच. दुरुस्तीवाला यंत्र तपासणार कशावर, असं ते विचारत होते. यंत्रातलं कोण वाचतं, असंही म्हणाले.

"काका, तपासाले कोरी फ्लॉपी नाई चालत काय?" इस्तारीनं विचारलं.

सोमाजींनी डब्यासाठी हात पुढे केला.

वच्छलानं डबा आणखी घट्ट धरला. जे शब्द आईनं कधी उच्चारले नव्हते, ते तिनं दसरूच्या, बाकावरच्या बायकांच्या, सगळ्यांच्या देखत उच्चारले. "काका, यात माह्या मायचं नाव हाय. माही माय कुष्ठरोगाच्या गोळ्या खाते. चंद्रपूरच्या दुकानात तिचं नाव वाचलं लोकाइनं, तवापासून आमचे मासे कोनी घेत नाई. आता बाकीच्याइचंबी वाचतीन."

सोमाजींचा हात खाली आला. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले होते. कमलानं त्यांना दुकानातली सारी हकिकत सांगितली. डॉक्टरांनी वच्छलाकडून डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. सोमाजींनी स्वतःच एक कोरी फ्लॉपी आणून खोक्यात ठेवली.

"हे आम्हांला आधी सुचायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तिघांनी आज पुष्कळ लोकांची अब्रू राखली."

घरी आल्यावर वच्छलानं आईला सगळं सांगितलं, नाव मोठ्यानं घेतल्याचंही. आता आई बोलणार, या भीतीनं ती खाली बघत राहिली.

गोकुळाबाईनं हातातल्या जाळ्याची गाठ सोडवली. "मले नसतं जमलं, पोरी," ती म्हणाली. "एकदा बाहेर पडलेलं नाव काई माघारी येत नाई. पन बाकीच्याइचं राह्यलं ना."

तिनं जाळं बाजूला सारलं आणि वच्छलाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. आई मान चेपू लागेपर्यंत वच्छला झोपूनही गेली होती.