पितांबरचे एक्केचाळीस कीबोर्ड

धुळ्याच्या कचेरीच्या फाटकातून बाहेर पडणारा माणूस आणि आत शिरणारा टाईपरायटर यांची टक्कर झाली. टक्करीत माणूस हरला.

टाईपरायटर होता झुलाल आबांच्या खांद्यावर, गोधडीत गुंडाळलेला. आबा जळगावच्या डाळ मिलमध्ये तीस वर्षं पोती वाहत आलेले. शंभर किलोच्या पोत्याखाली न वाकलेल्या माणसाला पंधरा किलोचं लोखंड ते काय! समोरचा तरुण मात्र सरळ धुळीत बसला. बसला तो बसला, पण छातीशी धरलेली तागाची पिशवी त्याने जमिनीला टेकू दिली नाही. तान्हं मूल धरावं तशी वरच धरून ठेवली.

"तुले डोया शेतस का नही रे?" आबा गरजले.

"शेतस ना आबा, डोळे आहेत," तो तरुण धूळ झटकत म्हणाला. "पण परीक्षेला कुणी टाईपरायटर घेऊन येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं."

आबांच्या मागे उभी असलेली त्यांची मुलगी कुंदा पुढे झाली. पिंप्राळ्याहून पहाटेच्या एस.टी.ने निघालेली, थंडीने नाक लाल झालेलं, हातात परीक्षेचं पत्र.

"म्हणजे काय? टायपिंगच्या परीक्षेला टाईपरायटर नाही आणायचा, तर काय पाटा-वरवंटा आणायचा?"

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू हळूच मावळलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही? यंदा परीक्षा कॉम्प्युटरवर आहे..."

शहाण्णव साल होतं ते. आजवर टायपिंगची परीक्षा म्हटली की आपला टाईपरायटर आपण न्यायचा, हे लहान पोरालाही ठाऊक. कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेई, कुणी हातगाडीवर. कुंदाने तर बन्सीलाल सरांच्या क्लासमधला सगळ्यात चांगला टाईपरायटर मागून आणला होता. चार वर्षं त्या क्लासमध्ये ती मुलींना शिकवत होती. कॉम्प्युटर तिने फक्त बँकेच्या काचेतून पाहिला होता.

आत गेल्यावर कारकुनानेही तेच सांगितलं. "परीक्षा तीन वाजता. हात बसवायला पाच मिनिटं मिळतील. बसा त्या खुर्चीवर."

ती पाच मिनिटं कुंदा जन्मात विसरणार नव्हती. टाईपरायटरच्या कळा ठोकून-ठोकून तिची बोटं लोहाराच्या हातोडीसारखी झालेली. इथे कळ दाबली तर ओल्या कणकेत बोट रुतल्यासारखं वाटे. लागली की नाही, कळतच नव्हतं. म्हणून ती आणखी जोरात ठोकी, आणि पडद्यावर एका अक्षराच्या जागी तीन-तीन उमटत. कुठे अक्षरच गायब.

ती बाहेर आली.

आबा लिंबाखाली टाईपरायटरला टेकून बसले होते. त्यांना काय सांगायचं? टंकलेखकाची जागा एकच होती, आणि त्या जागेवर तिचं सगळं आयुष्य अडलेलं. आबांनी स्पष्ट बजावलं होतं — नोकरी लागली तर लग्नाचं तू म्हणशील तसं. नाही लागली, तर एरंडोलच्या स्थळाला मी होकार कळवणार. एरंडोलचा मुलगा वाईट नव्हता. फक्त पाहायला आला तेव्हा त्याने तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. दोन वाट्या शेवभाजी खाऊन, ढेकर देऊन, निघून गेला होता.

"बोटं रुतली ना?"

तोच मघाचा तरुण. चहाच्या टपरीवर उभा होता, पिशवी अजून काखेत.

"तुम्हाला काय करायचंय?"

"रबराच्या कळा आहेत त्या. टाईपरायटरवाल्यांचा जीव घेतात." तो क्षणभर घुटमळला. "माझं दुकान मागच्याच गल्लीत आहे. मी पितांबर... कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तुमच्याकडे चार तास आहेत. रडण्यात घालवायचे असतील तर घाला. नाहीतर चला."

"मी रडत नाहीये!"

"मग डोळ्यांत धुळ्याची धूळ गेली असेल. आमच्याकडे फार आहे."

आबा टाईपरायटर सोडायला तयार नव्हते, आणि पोरीला अनोळखी माणसाबरोबर एकटं सोडायलाही. म्हणून ते दोन्ही घेऊन निघाले.

दुकानाचं शटर वर गेलं, आणि कुंदा उंबऱ्यातच थिजली. चारी भिंतींना फळ्या, आणि फळीफळीवर कीबोर्डच कीबोर्ड! ताकाच्या रंगाचे, काळे, राखाडी, एक तर चक्क तपकिरी. प्रत्येकावर स्वच्छ फडकं. घरात देव झाकून ठेवावेत तसे.

"एक्केचाळीस," पितांबर लाजत म्हणाला. "सुरतेच्या भंगारातून, बंद पडलेल्या गिरणीच्या कचेरीतून... लोक किलोवर विकतात हो. मी धुऊन-पुसून ठेवतो."

"आणि करता काय यांचं?"

"ऐकतो."

कुंदाने आबांकडे पाहिलं. आबांनी कपाळाशी बोट नेऊन गोल फिरवलं, आणि ओट्यावर बसून दशमीचं फडकं सोडलं.

पितांबरने एका कीबोर्डची कळ चिमट्याने उपटली आणि खालचा खटका तिला दाखवला. "हे बघा. याच्यात नुसती स्प्रिंग. दाबा. गुळगुळीत जाते ना? आता हा — याच्यात पितळेची पट्टी. मध्येच एक ठेच लागते. आणि याच्या पोटात स्पंज आहे."

"ही तर शिळी भाकरी!" कुंदाच्या तोंडून निघून गेलं.

तो चमकला. "बरोबर! मला इतके दिवस शब्द सापडत नव्हता. आणि हा?"

"हा... पाटावर तुरीची डाळ सांडल्यासारखा."

"हा?"

"हा नुसता बडबड्या. काम कमी, आवाज फार. तुमच्यासारखा."

पितांबर इतका मोकळा हसला की आबांनी दशमी चावायची थांबवून आत डोकावून पाहिलं. कुंदाने चटकन मान खाली घातली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या... आणि बोटं मात्र पुढच्या कीबोर्डकडे आपणहून निघाली होती.

नऊ कीबोर्ड झाले, दहा झाले. कुठलाच जमेना. एकावर अक्षरं दुप्पट, दुसऱ्यावर गती अर्धी. पितांबर एकेकावर फडकं पुन्हा घालत गेला. मग त्याने काखेतली ती पिशवी टेबलावर ठेवली, आणि आतून फडक्यात गुंडाळलेला एक्केचाळिसावा कीबोर्ड काढला. जड, विटेसारखा.

"हा मी कुणाला हात लावू देत नाही," तो म्हणाला. "याच्या प्रत्येक कळीखाली उभी स्प्रिंग आहे. दाबली की ती मध्येच मोडल्यासारखी वाकते, आणि खट्ट! बोटाला तिथेच कळतं, अक्षर लागलं."

कुंदाने बोटं ठेवली. खट्ट. खट्ट-खट्ट. आणि मग तिला कळलंच नाही कधी तिचे हात सुटले. दुकानभर तो आवाज नाचत होता, चण्याच्या भट्टीत चणे फुटावेत तसा. एकही अक्षर दुप्पट नाही. एकही गळालेलं नाही. थांबली तेव्हा तिला धाप लागली होती.

पितांबर हातातल्या घड्याळाकडे पाहत होता. "अठ्ठावन्न," तो पुटपुटला. "मिनिटाला अठ्ठावन्न शब्द..."

त्याचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी त्याच्या घरातून काहीतरी नेलंय आणि त्याला राग मात्र आलेला नाही.

"घेऊन जा," तो म्हणाला.

"पण साहेब तिथे लावू देतील?"

"तुमच्या पत्राची सहावी ओळ दाखवा त्यांना. 'उमेदवाराने परीक्षेसाठी स्वतःचे यंत्र सोबत आणावे.' जुनंच पत्र छापलंय त्यांनी. ओळ काढायची राहिली."

कुंदाने पत्र उघडलं. खरंच, सहावी ओळ. याला कसं ठाऊक? पण विचारायला वेळ नव्हता. अडीच वाजले होते.

परीक्षेच्या खोलीत साहेबांनी कीबोर्ड पाहून डोळे मोठे केले. "हे काय आणलंय, बाई?"

"माझं यंत्र, साहेब. सहावी ओळ वाचा."

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "लिहिलं तर आम्हीच आहे," ते शेवटी म्हणाले. "बसा."

ती जागेवर बसली. कीबोर्डची पिन कॉम्प्युटरला लागली. आणि दार लोटून शेवटचा उमेदवार आत आला, तो पितांबर!

तो तिच्याकडे न पाहता पलीकडच्या रांगेत जाऊन बसला, रबराच्या कळांसमोर. त्याच्याही हातात तसंच पत्र होतं. सहाव्या ओळीचं.

कुंदाने कळांवरची बोटं उचलली. म्हणजे सकाळी पिशवीतून तो हा कीबोर्ड स्वतःसाठीच घेऊन आला होता! ती उठणार, कीबोर्ड काढून त्याच्यासमोर ठेवणार, तोच घंटा झाली. त्याने पहिल्यांदाच मान वळवली, आणि नुसत्या डोळ्यांनी दटावलं — मार!

तिने मारलं. दहा मिनिटं ती खोली नुसती खटखटत होती. कुणीतरी "साहेब, आवाज..." म्हणून कुरकुरलं. साहेब मख्ख. कुंदाला पडदा धूसर दिसत होता, पण बोटांना डोळ्यांची गरज नव्हती.

बाहेर लिंबाखाली तिने त्याला गाठलं.

"तुम्ही... तुम्हीसुद्धा... मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतला असता?"

"मुळीच नाही! मला कुणाची दया नको. जागा एकच आहे, माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं." तो चपलेने माती उकरत होता. "दोन वर्षं मी त्या कीबोर्डवर मेहनत घेतोय. माझी गती पंचेचाळीसच्या वर जात नाही. मला वाटायचं, कीबोर्डातच काही खोट आहे. आज तुमच्या हाताखाली ऐकला, आणि... खोट त्याच्यात नव्हती. दया नाही हो कुंदाताई—"

"ताई म्हणू नका!"

काय बोलून गेले हे कुंदाला उशिरा कळलं. तिने ओठ चावला. पितांबरच्या कानापर्यंत लाली चढली.

"बरं," तो अगदी हळू म्हणाला. "नाही म्हणत."

तेवढ्यात आबा आले. "चाल व पोरी, गाडी निंघी जाई." कुंदाने कीबोर्ड त्याच्या हातात ठेवला. देताना दोघांची बोटं एकाच कळीवर पडली, आणि कुणीच ती चटकन काढून घेतली नाहीत.

फाल्गुनात पत्र आलं. पोस्टमनने आबांना वाचून दाखवलं. पहिली — कुंदा झुलाल पाटील. नेमणूक धुळे. सोबतच्या नापासांच्या यादीत पितांबर. आबांनी पिंप्राळ्याच्या आख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आणि घरी येऊन पागोटं काढून बसले. शब्दाला जागणारा माणूस तो.

"बोल पोरी. एरंडोलवाल्यासले काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा, आबा."

"मंग?"

"मंग... धुळ्याला चला. मुलगा पाहायला."

आबांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "कोन? तो... तो भंगारवाला?"

"हो."

"पन तो ते नापास व्हयना!"

"तो नापास झाला म्हणून मी पास झाले, आबा."

मग तिने त्या दिवशीची सगळी हकिकत सांगितली. तो पिशवीतला कीबोर्ड कुणाचा होता, हे आबांना आजच कळत होतं. आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस. दुसऱ्याचं ओझं आपल्या खांद्यावर घेणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पितांबर एका कीबोर्डच्या कळा ब्रशने घासत बसला होता. उंबऱ्यात सावली पडली म्हणून वर पाहतो तर आबा, आणि त्यांच्यामागे कुंदा. नव्या साडीत. त्याच्या हातून ब्रश गळला.

"पोऱ्या," आबांनी घसा साफ केला, "दुकानवर पोट भरस का तुन्हं?"

"भ-भरतं, आबा. आईचं नि माझं. भाजी रोज नसते..."

"तिला पगार चालू व्हई. भाजीनं व्हई जाई." आबा थांबले. मग एकदम म्हणाले, "मन्ही आंडेर तुले मांगाले येल शे. हा का नही, ते सांग."

मुलीचा बाप मुलीला सोबत घेऊन, तिच्यासाठी मुलगा मागायला दारात! असं खान्देशात कुणी ऐकलं नव्हतं. एकेका खटक्यावर तासभर बोलणारा पितांबर, त्याच्या तोंडून अक्षर निघेना. तो कुंदाकडे बघत होता, कुंदा पदराच्या टोकाकडे.

"अहो, काहीतरी बोला..." ती पुटपुटली. "आबा उभे आहेत."

"ब... बसा ना! बसा आबा!"

पण बसायला जागा कुठे होती? बाकावर कीबोर्ड, स्टुलावर कीबोर्ड, खुर्चीवर कीबोर्ड. ज्यांच्यावर तो धूळ बसू देत नव्हता ते सगळे कीबोर्ड पितांबरने एका हाताने बाकावरून ढकलून दिले. धडाधड सहा-सात खाली आदळले. कळा चौफेर उडाल्या, एक थेट आबांच्या पागोट्यात जाऊन अडकली.

"अहो!" कुंदा किंचाळली आणि गुडघ्यांवर बसून कळा गोळा करू लागली. तोही खाली बसला. दोघांची डोकी टक्कन एकमेकांवर आदळली.

"हो," पितांबर कपाळ चोळत म्हणाला. "हो, हो... हो!"

"एकदाच म्हटलं तरी लागतं," कुंदा म्हणाली, आणि ओंजळभर कळा त्याच्या ओंजळीत ओतल्या.