वई की वही

"हे तुमी वाचलं व्हय?"

छापखान्याच्या दारातला तरुण जाहिरातीचा कागद पुढं धरून उभा होता. आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच भागिरथीला धडकी भरली. १९७१ साली नगरच्या त्या छापखान्यात मुद्रितं तपासणं तिचं काम होतं.

'मोसंबीच्या बागेला पक्की वही घालून मिळेल. तारकाम, मेंदी, बागकाम. गोरक्षनाथ, देवळाली प्रवरा.'

"वाचलं. बरोबर आहे की."

"मी 'वई' लिवलं हुतं. वई म्हंजी कुंपन!"

"अगं बाई... मला वाटलं, तुमच्याकडं 'ह' खातात म्हणून—"

"म्हनून तुमी परत वाढला."

तिला हसू आलं, पण त्याच्या डोळ्यांकडं बघून ते विरलं.

"पाचशे वाटल्या बाजारात. एक गुरुजी शंभर पानी वही मागाया आले. आमच्या गावच्या आप्पासाहेबांची मोसंबीची बाग माझं पैलं काम हुतं. आता म्हनत्यात, ज्याला धड लिवता येत न्हाई, त्याला बाग देत न्हाई. काम गेलं, तर सोमवारी मी पुन्याच्या कारखान्यात."

भागिरथी आत जाऊन मालकांना विचारून आली. "चला आप्पासाहेबांकडं. चूक माझी, तर मीच सांगणार."

"लोक काय म्हनतील?"

"सध्या काय म्हणताहेत?"

एसटीत दोघं एकाच बाकावर बसले. एका खड्ड्याला खांद्याला खांदा लागला... आणि दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं.

आप्पासाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "बरं, पोरी. लिहिण्याचं कळलं. पण याला येतं काय?"

गोरक्षनाथनं घसा खाकरला. "कोपऱ्याचा खांब आधी. तीन फूट खोल, आतून तिरका टेकू. न्हाईतर तार ताणली की खांब वाकतो. तारंच्या आतून मेंदी, दोन ओळी."

आप्पासाहेबांनी ओढ्याच्या दिशेनं बोट दाखवलं.

"ओढ्याकडची बाजू घाल. गुरं थांबली, तर बाकीची तुझी."

फाट्यावर एसटीची वाट बघताना तिनं विचारलं, "म्हणजे सोमवारी पुणं नाही?"

"न्हाई. तुमाला काय त्याचं?"

"तुम्ही जाऊ नये... असं वाटत होतं."

"बागेसाठी?"

"बागेसाठी नाही."

तो तिच्याकडं वळला. "मी बी सांगू? सकाळी भांडाया आल्तो. तुमी मान वर केली, आन् पाठ केलेलं समदं इसरलो."

एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. भागिरथी हलली नाही.

"अवो ताई, पुढची तासाभरानं हाय!"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "जाऊ द्या गाडी."